होडीच्या पोटाखाली

—नाही, जा की! मी कुठं नको म्हणते? पोरांना रविवारचं कबूल केलंयस ना, मग ने. सगळं मालाड जातंय, तू पण जा. फक्त मला विचारू नकोस सुलक्षणा, की अंजनाबाई, तुमच्या गावाला लागूनच आहे ना ते पाळण्यांचं जॉलीलँड, कसं आहे हो आतून? कसं आहे! समोरून बघणाऱ्याला झकास आहे. पण मी ते मागून बघितलंय. हसू नकोस, खरंच. मला बोलावून नेलं होतं तिथल्या कंपनीवाल्यांनी, मानानं— पदराला बिल्ला लावला, बाटलीतलं सरबत दिलं, गावातल्या आम्ही सगळ्या बायका, रांगेनं. तू पापलेट बघ ना, कल्ला उघडून बघ, माझ्या तोंडाकडे काय बघतेस. ताजं? ताजंच म्हणायचं. आमच्या दर्याचं? आमच्या दर्याचं आता काही नसतं गं बाय, हे भाऊच्या धक्क्यावरचं, बर्फातलं. घे, चांगलं आहे.

तर कशाला नेलं आम्हाला? त्याला कारण होतं. खाडीच्या तोंडाशी भर टाकली त्यांनी, नि जिथं आम्ही बोंबील सुकवायचो तिथं भिंत घातली. गाव पेटलं. आम्ही बायकांनी कोयते घेऊन रस्ता अडवला होता, पेपरात फोटो आला होता आमचा— मी दिसत नाही त्यात, रुक्मिणीच्या मागं आहे, रुक्मिणी म्हणजे माझी शेजारीण, अंगानं ही एवढी, तिच्यामागं कोण दिसणार? मग त्या कंपनीवाल्यांनी डोकं चालवलं. पुरुषांना नोकऱ्या दिल्या नि बायकांना सहल. झालं, मोर्चा संपला. माझा पोरगा रामनाथ पण लागला तिथं. तू बघितलायस त्याला, माझी पाटी उतरवायला यायचा इथं. काय काम करतोस रे, विचारलं की म्हणायचा, मशीनवर आहे. कसलं मशीन? तर म्हणे, फिरतं मशीन. बोलायचाच नाही पुढं. आणि सहलीचं कळलं तेव्हा म्हणाला, आये, तू नको जाऊस, ऊन लय असतं तिथं. ऊन! मी आयुष्यभर उन्हात बसून मासे विकले, मला ऊन सांगतो. मी म्हटलं, सगळ्या जातायत, मी पण जाणार. गेले.

एक पोरगी होती आमच्याबरोबर, अनुपमा नावाची, निळा कोट, गळ्यात शिट्टी. गोड पोरगी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणाली, मावशी, आज तुम्ही आमच्या पाहुण्या, आज तुम्हाला पडद्यामागची जादू दाखवणार. आता मागं कधी जादू असते का? जादू पुढं असते, मागं वायरी असतात. तो डोंगर दिसतो ना बसमधून, मोठा, वर बर्फ रंगवलेला— त्याच्या आत शिरलो आम्ही. पोकळ! बांबू, गोणपाट नि वरून सिमेंट. आणि आत दोन माणसं डबा उघडून बसलेली. डोंगराच्या पोटात बसून वाटाण्याची उसळ खात होती. धबधबा बघितला, तर खालचं पाणी पंपानं वर नि वरचं तेच खाली, दिवसभर तेच तेच पाणी. भुताच्या घरात गेलो तर भुतं दांडीवर टांगलेली, आपले झंपर वाळत घालतो तशी, आणि एक माणूस बाजूला बसून त्यांना इस्त्री करतोय. रुक्मिणी घरात उंदीर दिसला तर खाटेवर चढते, पण तिनं त्या भुताचा गाल ओढला. हसलो आम्ही, पोट धरधरून. खोटं कशाला बोलू? आदल्या वर्षी कोयते घेतलेल्या बायका आम्ही, त्याच तिथं सरबत पिऊन हसत होतो. एवढंच लागतं बघ माणसाला गप्प करायला— थोडं सरबत नि इस्त्रीवालं भूत.

—ओ दादा, नुसता हात नका लावू, घ्यायचं तर घ्या! बघ, दाबून दाबून मऊ करतात नि मग म्हणतात मऊ आहे.

मग ती होडी आली. तुझी पोरं पहिली तिकडेच धावणार, सांगून ठेवते. लाल नि सोनेरी रंग, पुढं राक्षसाचं लाकडी तोंड, अंगावर लिहिलंय ‘समुद्राची राणी’. दोन लोखंडी खांबांच्या मधे टांगलीय तिला, खाली घोटाभर पाणी, नीळ घातल्यासारखं. पाळण्यासारखी पुढं जाते, मागं येते, पुढं जाते, मागं येते, पोचत कुठंच नाही. अनुपमा म्हणाली, बसा मावशी, आज फुकट. आता तुला ठाऊक नसेल— आमच्या गावात बाई होडीत चढत नाही. जाळं शिवायचं, मासळी उतरवून घ्यायची, पुनवेला होडीची पूजा करायची, सगळं करायचं, पण पाय ठेवायचा नाही. आमच्या ह्यांची होडी होती. हे म्हणजे धाकू— आता नाव घेते मी, माणूस गेला, आता कसला संकोच— त्यांची होडी, हिंगलाप्रसाद. मी तिला तेल लावलंय, हळदकुंकू लावलंय, तिच्या नावानं उपास केलेत. वादळात अडकली की किनाऱ्यावर बसून राहिलेय. पण आत कधी बसले नाही. नवीन लग्न झालेलं तेव्हा एकदा म्हटलं होतं, बंदरातल्या बंदरात एक फेरी मारा ना मला घेऊन, कोण बघतंय? तर म्हणाले, दर्या बघतो. संपलं. पुन्हा कधी विचारलं नाही.

तर तिथं मी बसले. कोण बघणार? तिथं कुठं दर्या होता! निळीचं पाणी होतं. सगळ्या चढल्या, मी पण चढले, लोखंडी दांडी आडवी आली मांडीवर, नि सुरू झाली ती. आधी हळूहळू. मग जी वर गेली— खाली येताना जीव वरच राहतो बघ. बाकीच्या किंचाळत होत्या, आमच्या देवीचा धावा, हिंगलाय माय, हिंगलाय माय करत होत्या. आणि मला हसू आलं. कसलं हसू म्हणून सांगू तुला! मी विधवा बाई, नातवाची आजी, अंबाडा सुटलेला, पदर कुठं त्याचा पत्ता नाही, आणि हसतेय, हसतेय, थांबवता येईना. ते गेल्यापासून मी अशी हसलेच नव्हते. ते असताना तरी कुठं हसले होते? वेग कमी झाला, मला वाटलं संपलं, नि मनातून वाईट वाटलं— तर परत उसळली ती! आणखी एक फेरी, आणखी एक. अनुपमा खाली उभी राहून घड्याळाकडे बघायला लागली. मी म्हटलं, बघ बाई तू घड्याळ, मला काय? अशीच चालू दे.

आता मधलंच एक सांगायचं राहिलं. आमची होडी. हे खाटेवर गेले, दम्यानं, दर्यात नाही. नंतर रामनाथ एकटा जायचा, पण मशीनच्या मोठ्या होड्या आल्या, वल्ह्याच्या होडीला मिळणार काय? जाळं रिकामं यायचं. मग एक दिवस येऊन म्हणाला, आये, होरी दिली. कोणाला? अर्नाळ्याच्या एका नाखव्याला, नाखवा म्हणजे होडीचा मालक. चांगला माणूस आहे, दर्यावरच ठेवणार आहे तिला, मशीन बसवणार आहे. मी दोन दिवस जेवले नाही. मग म्हटलं, ठीक आहे, विकलेली गाय दुसऱ्याच्या गोठ्यात दूध देते तशी देऊ दे. दर्यावर आहे ना, बस. त्यानंतरच्या नारळी पुनवेला मी तिच्या नावाचा नारळ वेगळा सोडला. भाऊच्या धक्क्यावर अर्नाळ्याच्या बायका भेटल्या की विचारायची, काय गं, आमची हिंगलाप्रसाद दिसते का तुमच्याकडं? त्या म्हणायच्या, नाय बा. मी म्हणायची, नाव बदललं असेल.

बदललंच होतं नाव.

ती होडी थांबल्यावर अनुपमा म्हणाली, चला, आता हिचं गुपित. मागच्या बाजूला लोखंडी जिना होता, खाली खड्डा. एकेक करून उतरलो. एकच दिवा, नि ग्रीसचा वास. आणि ग्रीसच्या आत दुसरा एक वास. तो आधी माझ्या नाकाला कळला, मला मागाहून कळला. मुशीचं तेल. आम्ही होडीला ह्या मुशी माशाचं तेल चोपडतो, लाकूड कुजू नये म्हणून, त्याचा वास असा असतो की त्याच्यापुढं हे माझे मासे म्हणजे मोगरा. मी वर बघितलं. वरून लाल-सोनेरी केली होती, खालून रंग दिलाच नव्हता. कोण बघणार खालून? काळं लाकूड, आमचं. आणि बुडाला एक फळी, बाकीच्यांपेक्षा रुंद. एका पावसाळ्यात खडकावर आपटून होडीचं बूड फुटलं होतं, गावात सागाची फळी मिळेना, तेव्हा ह्यांनी आमच्या घराच्या दाराची फळी काढून तिथं बसवली होती. कडीची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली होती. तो सबंध पावसाळा आमच्या दाराला गोणपाट. मी भांडले, तर म्हणाले, घरात पाणी आलं तर बाहेर काढता येतं, होडीत आलं तर नाही. ती भोकं, सुलक्षणा. त्या खुंट्या. माझ्या डोक्यावर. आणि त्या फळीला लागून एक मोटारीचं टायर बसवलेलं. ते टायर फिरतं नि तिच्या पोटाला घासून तिला ढकलतं. वर लोक बसतात नि खाली ते टायर माझ्या दाराला घासतं.

आणि टायरच्या बाजूला, स्टुलावर, दांडा हातात धरून, बनियनवर, कोपरापर्यंत काळा झालेला— कोण असेल? रामनाथ.

 ती अनुपमा बिचारी, तिला काय ठाऊक, ती म्हणाली, आणि हे आमचे ऑपरेटर, तुमच्याच गावचे, ह्यांच्यासाठी जोरदार टाळ्या! वाजवल्या सगळ्यांनी. मी पण वाजवल्या. हात आपोआप उचलले गेले. रुक्मिणीला कळलं असणार, तिनं मागून माझा दंड धरला. निघताना मी सगळ्यांच्या शेवटी राहिले, तर तो हळूच म्हणाला— आमच्या बोलीत, तुझ्याशी मी तुमचं बोलते, घरी आमचं निराळं— म्हणाला, आये, तुझा हासना मना खाली आयकू आला. मी वलखला. म्हणून आजून दोन फेऱ्या दिल्या.

काय करणार होते मी? जिना चढले नि बाहेर आले. बाहेर आईस्क्रीम वाटत होते. खाल्लं.

संध्याकाळी घरी आला तेव्हा मी चुलीपुढं होते. म्हटलं, अर्नाळ्याचा नाखवा कसा आहे रे? खाली मान. म्हणाला, नाखवा कुठला आये, कोणी घेतच नव्हता. सरपणवाला तेवढा तयार होता. मग ह्या लोकांना खरी होडी हवी होती, त्यांनी उचलली. मी विचार केला, सरपण होण्यापरीस बरं. तुला सांगितलं असतं तर तू जेवली नसतीस. म्हणजे बघ, माझ्या जेवणासाठी माझ्याशी खोटं! मी तोंड सोडलं. काय काय बोलले— बापाची हाडं विकलीस, बापाच्या पोटाला टायर लावलंस. तो ऐकत होता. म्हणाला, छप्पर आहे तिच्यावर. पावसात भिजत नाही. मी दर शनिवारी मुशीचं तेल लावतो, साहेब ओरडतो वास येतो म्हणून, तरी लावतो. मी रोज बावाच्या होरीवरच कामाला जातो आये, पहिलं पण जायचो.

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. आता कळतं. तेव्हा रागात कळतंय होय? मी म्हटलं, हिंगलाय माफ करणार नाही तुला. तर त्यानं पहिल्यांदा मान वर केली. म्हणाला, तू हासलीस. बावाच्या होरीत बसून हासलीस का नाय, सांग. बावा असता तर त्यानं तुला बसवली असती?

कमळ, माझी सून, पोराला भरवत होती, तिचा घास हातातच राहिला.

  उत्तर नसलं की माणूस दगड शोधतो. मी म्हटलं, होरीच्या वर बसतो तो नाखवा, रामनाथ. होरीच्या खाली असतो त्याला बुडालेला बोलतात.

तुला नाही कळायचं त्यात काय एवढं. आमच्यात तो शब्द जित्या माणसाला लावत नाहीत. दर्यात गेलेला परत आला नाही, तरी आम्ही म्हणतो ‘आला नाही’. वर्ष झालं तरी ‘आला नाही’च. बुडाला म्हणत नाही कोणी, बायको तर मरेपर्यंत म्हणत नाही. आणि मी आई, पोटच्या पोराला, समोर बसलेल्याला— कमळ उठली, पोराला कडेवर घेतलं नि आत गेली. तो जेवला. ताट धुवून पालथं घातलं. 

काय म्हणतेस? हो, सांगितलं होतं मी तुला, कमळ माहेरी गेलीय म्हणून. गेलीच आहे की, भांडुपला, खोटं कुठं आहे त्यात? फक्त तो पण गेलाय. नातू पण. एवढ्या लांबून येतो कामाला, दोन गाड्या बदलून, गावाच्या तिठ्यावर बसमधून उतरतो. तिथून माझं दार दिसतं. दाराला आता चांगली फळी आहे, त्यानंच बसवलीय, पहिल्या पगारात. तिठ्यावरून सरळ जातो. रुक्मिणी त्याच्याशी बोलते, मला येऊन सांगते, बरा आहे, वाळलाय जरा. मी म्हणते, मला कशाला सांगतेस? आणि ती एक दिवस सांगायची राहिली की मीच जाते तिच्या ओट्यावर, मीठ मागायला. कोळणीच्या घरात मीठ संपतं का कधी? ती देते मीठ. नि सांगते.

डोळ्यांना काही नाही झालं, खवला उडाला. तू बघ तिकडं.

मागच्या मंगळवारी गेले होते. कुठं म्हणजे— तिथंच. मंगळवारी गिऱ्हाईक कमी असतं. तिकीट काढून गेले, बिल्ला नाही, सरबत नाही, कोणी मावशी म्हटलं नाही. अनुपमा होती दारात, दुसऱ्याच कोणाला घेऊन चालली होती. लाइनीत उभी राहिले, सगळी कॉलेजची पोरं माझ्या पुढंमागं, एकजण नाक धरत होता, कोळीण कशाला आली इथं म्हणून. आली, तुझ्या बापाचं काय गेलं? बसले होडीत. दांडी आडवी आली. सुरू झाली ती, पुढं गेली, मागं आली. मला हसू येईना.  मग मी हसले. मुद्दाम. मोठ्यानं, बाजारात ओरडते ना गिऱ्हाइकाला, तशी, पार खालपर्यंत जाईल अशी. बाजूची पोरगी सरकून बसली, तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. मी हसतच राहिले. वेग कमी झाला. मी आणखी मोठ्यानं हसले. होडी थांबली. सगळ्यांची थांबली तेव्हा माझी पण थांबली.

आता त्या दिवशी दांड्यावर तोच होता कशावरून? दुसरा असेल कोणी. पाळी बदलते त्यांची. खाली जाऊन बघायला गेले मी, तर जिन्याला साखळी लावलेली, शिपाई म्हणाला, बाई, इकडं यायचं नाही, पब्लिक समोरून. मी म्हटलं, हो बाबा, समोरून.

—काय? तू सांगतेस? रविवारी जाशील तेव्हा त्याला सांगतेस? काय सांगशील गं? अंजनाबाई रडत होती म्हणून? मी कुठं रडले? वीस वर्षं माझ्याकडून मासे घेतेस तू, कधी मी तुझ्या घरातलं विचारलं? काही सांगायचं नाही. कोणाला नाही. जा, बस त्या होडीत, पोरांना हसव, फोटो काढ नि उतर. खाली कोण आहे नि कोण नाही, ते तुला काय करायचंय? तुकडे करून हवेत का अख्खं? अख्खं ने. पिशवी नीट धर, पाणी गळेल साडीवर. आणि सर जरा बाजूला, मागं गिऱ्हाईक उभं आहे कधीपासून— हां, बोला ताई, काय देऊ?